तासाला एक खोटं

उभ्या नागपुरात रोज ठरवून, घड्याळाकडे बघून आणि वर त्याचा पगार घेऊन खोटं बोलणारी बाई मी एकच पाहिली, आणि शिकवायचं कसं हे शिकायला बी.एड.च्या कॉलेजनं मला नेमकं तिच्याच वर्गात पाठवलं. या आमच्या इतिहासाच्या मॅडम. उंची इतकी बेताची की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नाही; तिथे गणिताच्या सरांची समीकरणं आठवडाभर सुखानं नांदायची. आवाज मात्र असा की अमरावती रोडवरचे ट्रक हॉर्न वाजवून थकायचे, पण मॅडमचं वाक्य काही मध्येच थांबायचं नाही. शाळा वाडीला, गोदामांच्या मागे. मी सक्करदऱ्याची. म्हणजे सगळं शहर ओलांडून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, ट्रकांच्या धुळीतून स्कूटी हाकत मी रोज जात होते ते इतिहासाचा आदर्श तास कसा असतो ते शेवटच्या बाकावर बसून बघायला. आम्हाला छात्राध्यापिका म्हणतात. शब्द भारदस्त आहे. अर्थ एवढाच की आठवीतली पोरं मागे वळून बघतात आणि खुदुखुदु हसतात.

हसायचं मला अजिबात सुचत नव्हतं, कारण माझं सगळं या शाळेवर अडलं होतं. वर्षाच्या शेवटी याच वर्गावर माझा अंतिम पाठ होणार होता, बाहेरचे परीक्षक येऊन बसणार होते आणि ते देतील त्या गुणांवर माझं बी.एड. ठरणार होतं. आमचं सक्करदऱ्याला बांगड्यांचं आणि कटलरीचं दुकान आहे. बाबांनी मला शिकायला कधी आडकाठी केली नाही, पण हिशेब आधीच सांगून ठेवला होता. "पास झाली तं तुही मर्जी, कोठंही शिकव. नापास झाली तं आपलं दुकान आहेच, गल्ल्यावर बस." बाबा हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी प्रेमानं म्हणाले होते, त्यामुळे त्यातून सुटका नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढेना की त्याच्या हाताचं कौतुक करायचं, हे काम मी लहानपणापासून पाहिलं होतं आणि ते मला मरेपर्यंत करायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी मॅडम वर्गात आल्या, फळ्याचा आधीच स्वच्छ असलेला खालचा अर्धा भाग पुन्हा एकदा पुसला, आणि प्लासीची लढाई सुरू केली. पहिली दहा मिनिटं मी भारावून ऐकत होते. मग त्या म्हणाल्या की प्लासीची लढाई समुद्रात झाली. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. इंग्रजांची जहाजं कशी आली, नवाबाची कशी डुलत होती, नवाबाच्या शिपायांना बोट लागून ते कसे ओकत होते, आणि ओकणाऱ्या माणसाला तोफ डागता येत नाही म्हणून बंगाल कसा गेला, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. पोरं निमूटपणे लिहून घेत होती. इतिहासात पहिल्या वर्गात बी.ए. झालेली मुलगी मी. माझ्या हातातलं पेन खाली पडलं ते मला उचलता येईना. उठून सांगावं तर मार्गदर्शक बाईंचा पहिल्याच दिवशी अपमान, गप्प बसावं तर चाळीस-पन्नास लेकरांच्या वह्यांत बंगाल समुद्रात बुडालेला. मी अशी अधांतरी बसलेली असताना तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या एका मुलीनं हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, खोटं."

आठवीतली मुलगी बाईंना तोंडावर खोटं म्हणते! मला वाटलं आता छत खाली येणार. मॅडमनी फक्त एकच शब्द विचारला, "काहून?"

"मघाशी तुम्हीच सांगितलं ना, इंग्रजांचा तळ आमराईत होता म्हणून. मंग आंब्याच्या झाडात जहाजं कोठून आली?"

वर्गानं बाकं बडवली. मॅडमचा चेहरा असा खुलला की पोटच्या पोरीनं मेरिटमध्ये नंबर काढावा. "शाबास! आता ते खोडा अन् खरं लिहून घ्या," असं म्हणून त्या पुढे निघाल्या, आणि घंटा होईपर्यंत त्यांनी शिकवलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तास संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुहा चेहरा काहून असा पांढरा पडला वं? जेवली नाही काय सकाळी?"

मग मला कळलं की ही रोजची रीत आहे. प्रत्येक तासाला एक खोटं, कमी नाही, जास्त नाही. ते कुठे येईल ते कोणाला ठाऊक नाही. पोरांनी ते घंटेच्या आत पकडायचं आणि 'काहून', म्हणजे का, ते पुराव्यानिशी सांगायचं. नुसतं 'खोटं' ओरडणाऱ्याला उभं राहावं लागे. ही काय शिकवण्याची पद्धत झाली, असं मी एकदा धीर करून विचारलं. कॉलेजात आम्हाला अर्धा डझन पद्धती पाठ करायला लावल्या होत्या, त्यांत ही नव्हती. मॅडम म्हणाल्या, "हे पाय, पोट्टे ऐकून घेते अन् लिहून घेते. असं ऐकून घेणाऱ्या माणसाले उद्या कोणीबी काहीबी विकून जाते. ज्याले आपल्या मॅडमवर शंका घेता आली, तो मोबाईलमध्ये येते त्याच्यावर बी घेईन." मला ते पटलं, पण पटल्यानं धक्के बसायचे थांबले नाहीत. रोज कधीतरी एक वाक्य येई आणि माझं पेन जागीच थांबे. पोरं मात्र मजेत असायची.

नियम एकच होता, आणि तो मोडायची मुभा खुद्द मॅडमनाही नव्हती: न पकडलेलं खोटं घेऊन कोणी घरी जायचं नाही. घंटा झाली आणि खोटं सापडलं नसेल तर मॅडम दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहत. बाहेर गणिताचे सर ताटकळत. सुरुवातीला ते चिडत, मग हेडमास्तरांकडे जात, आणि शेवटी शेवटी तर तेच खिडकीतून डोकं घालून, "ते मिठावरच्या कराचं वाक्य पुन्हा पाहा बरं," अशी मदत करू लागले. एका शनिवारी मात्र घात झाला. ऊन फार झालं म्हणून हेडमास्तरांनी अचानक शाळा सोडली, आणि ती नेमकी मॅडमचं खोटं सांगून झाल्यावर. पूर्वी सगळ्या जगाला चहा नागपुरातून जायचा, असं काहीतरी ते होतं. पोरं दप्तरं उचलून वाऱ्यासारखी पसार झाली. मॅडम दारात पोचेपर्यंत वर्ग रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुही स्कूटी आहे ना वं?"

त्या दुपारी मी जे पाहिलं ते कोणत्याही प्रशिक्षणात नाही. दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसतायत अशा दोन बायका, भर उन्हात, वाडीच्या भाड्याच्या खोल्यांचं एकेक दार ठोठावत चहा परत घेत फिरत होत्या. एका घरी तर मॅडमनी दुपट्टा सोडून तोंड दाखवताच आईनं आधी पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि मग विचारलं, "काय केलं मॅडम यानं?" मॅडम म्हणाल्या, "यानं नाही, मी केलं." त्या माउलीनं पोराकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि धपाटा परत कसा घ्यावा हे न कळून आम्हाला थंड पाणी दिलं. शेवटचं घर एका ट्रकवाल्याचं. ते गृहस्थ बनियनवर बसून जेवत होते. मॅडमनी चहाचं खोटं मागे घेतल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. "मले तं ते बहुत पटलं होतं मॅडम. आमच्या पोट्ट्यानं सांगितलं अन् मी आमच्या भावाले सांगितलं. तो आत्ताच निघाला रायपूरले, गाडी घेऊन. सगळ्या ढाब्यांवर सांगत जाईन तो." मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. मला वाटलं आता ही बाई मला रायपूर रोडला लावते. नशीब, भावाचा फोन लागला. मॅडमनी फोन घेऊन त्या अनोळखी माणसाला पाच मिनिटं चहाचा खरा इतिहास समजावला, आणि पलीकडून गाडीच्या खडखडाटात आवाज आला, "बरं मॅडम, नाही सांगत. पण तसं असतं तं मजा आली असती."

माझ्यावर त्यांचा लोभ होता असं मात्र मला कधी वाटलं नाही. माझं पाठाचं टाचण, म्हणजे तासात काय काय करायचं त्याची मिनिटवार आखणी, मी तीन रंगांच्या पेनांनी लिहीत असे. मॅडमनी एक टाचण हातात घेऊन, चष्मा वरखाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बहुत सुंदर आहे. वर्गात नको आणू, फ्रेम करून घरी लाव." एकदा मला यायला उशीर झाला, वाटेत ट्रक उलटला होता. तर म्हणाल्या, "साधन कोणतं? लिखित, भौतिक, का मौखिक?" इतिहासाची साधनं त्या अशी जगण्यात वापरत. व्हरांड्यात पडलेलं संत्र्याचं साल हे भौतिक साधन, हेडमास्तरांचं परिपत्रक लिखित, आणि शिपायानं सांगितलेली बातमी मौखिक, म्हणून ताडून पाहण्याजोगी. मी स्कूटीच्या चाकाला लागलेलं ऑईल दाखवलं तेव्हा कुठे माझा उशीर सिद्ध झाला. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

अंतिम पाठ जवळ आला तशी माझी झोप उडाली. या वर्गाला खोटं पकडायची चटक लागलेली. परीक्षकांसमोर कोणी हात वर करून मला खोटं म्हटलं तर काय? मी मॅडमना गयावया करून सांगितलं, पोरांना एवढं बजावा. "बजावते," एवढंच त्या म्हणाल्या. आदल्या दिवशीच्या तासाला त्यांनी खरंच बजावलं. कोणी कुठे बसायचं, परीक्षक आत आले की उभं कसं राहायचं, वाऱ्यानं नकाशा गुंडाळायला लागला तर तो कोणी धरायचा, सगळं सांगितलं. थोडंफार शिकवलं. मग म्हणाल्या, "उद्या ह्या नवीन मॅडम शिकवतीन. त्या खोटं बोलणार नाही. समजलं?" घंटा झाली आणि त्या कुठल्याशा शाळेतून रेल्वेचा चांगला नकाशा मिळतो का बघायला तडक निघून गेल्या. मी शेवटच्या बाकावर टाचण पाठ करत होते. पोरं बाकांवरून न उठता दाराकडे बघत राहिली होती, ते तेव्हा काही माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. रामदासपेठेकडून आलेले, इस्त्री न मोडता बसता येणारे गृहस्थ. मॅडम त्यांच्या शेजारी मागे बसल्या. विषय होता रेल्वे. मी घसा साफ करून पहिलं वाक्य म्हटलं, "इंग्रजांनी भारतात रेल्वे बांधली."

"खोटं!" मागून आवाज आला.

"इंग्रज काय टोप्या घालून गिट्टी फोडत होते का? मजुरांनी बांधली," ट्रकवाल्याचं पोरगं म्हणालं. वर्गानं माना डोलावल्या.

"बरं, इंग्रजांनी बांधवून घेतली," मी म्हटलं. "त्यामुळे लोकांचा प्रवास सोपा झाला."

"खोटं! लोकांसाठी नाही, कापूस न्यायले बांधली. आमच्या बाबाच्या ट्रकात बी लोकं बसते. म्हणून ट्रक काय लोकांसाठी राहते का?"

आता, 'रेल्वेमागील आर्थिक हेतू विद्यार्थी सांगतो' हे माझ्या टाचणातलं शेवटचं उद्दिष्ट होतं आणि ते मला तिसाव्या मिनिटाला गाठायचं होतं. पोरांनी ते पाचव्यालाच गाठून दिलं आणि माझ्याजवळ पुढे बोलायला काही शिल्लक राहिलं नाही. मी नकाशा उघडला, तर नकाशा खोटा. मी फळ्यावर पाठाचं नाव लिहिलं, तर त्याच्याकडेही दोघं संशयानं बघू लागले. जे निर्विवाद खरं होतं त्यालाही हात वर, आणि प्रत्येक हातामागे एक 'काहून'. माझ्या हातातला खडू मोडला, डोळ्यांपुढे बांगड्यांचे रंगीत खोके दिसू लागले. शेवटी परीक्षक उभे राहिले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, शांत व्हा. या मॅडम सांगत आहेत ते सर्व बरोबर आहे."

दोन वेण्यांची मुलगी उठली. तिनं परीक्षकांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आदरानं म्हणाली, "सर, हेच खोटं असन."

त्या क्षणी मी मेले असते तर मला कोणी दोष दिला नसता. दारात उभ्या असलेल्या हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांच्या कपाळावर आठी चढली. "कशावरून?" त्यांनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक की या वर्गात हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतंच.

"सर, आमच्या मॅडम रोज एक खोटं सांगते. आम्ही ते पकडतो. काल पूर्ण तासात एकबी खोटं सापडलं नाही. आम्ही सुट्टीत पूर्ण तास पुन्हा आठवून पाहिला, सगळं बरोबर निघालं. मंग एकच वाक्य उरते. 'उद्याच्या मॅडम खोटं बोलणार नाही.' म्हणजे तेच कालचं खोटं. म्हणजे ह्या मॅडम आज खोटं बोलून राहिल्या. अन् तुम्ही म्हणता सगळं बरोबर आहे, म्हणजे तुम्ही बी त्यांच्यात सामील."

परीक्षक हळूहळू मॅडमकडे वळले. "खरं आहे का हे? कालचं खोटं कोणतं होतं?"

मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर न अडखळता थापा मारल्या, तिला एक खरं वाक्य बोलायला शब्द सापडेनात. "काल मी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "विसरली मी."

माझा पाठ, माझे गुण, परीक्षक, सगळं त्या पोरांच्या मनातून पुसलं गेलं. मॅडम विसरल्या, ही गोष्ट त्यांना प्लासी समुद्रात होण्याहून अशक्य होती. पुढच्या बाकावरून कोणीतरी अगदी हळू विचारलं, "काहून मॅडम?"

या वर्गात या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्यापायी. हिच्या पाठाची चिंता लागून राहिली होती. काल सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही माहं. हिचा पाठ बिघडला तं हिचा बाप हिले दुकानात बसवते."

हे मी त्यांना फक्त एकदा, शाळेसमोर पोहे खाताना सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी ऐकलंय असंही दाखवलं नव्हतं. पोहेवाल्याकडे वर तर्री मागितली होती. आता बाहेरच्या परीक्षकांसमोर, हेडमास्तरांसमोर, माझ्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडून त्या तिथे उभ्या होत्या, आणि मला लाज वाटायला हवी होती ती वाटत नव्हती. मला एवढंच कळत होतं की या बाईला माझ्यासाठी भीती वाटली होती, माझ्याहून जास्त. परीक्षक बसले. म्हणाले, "पुढे चला." मी टाचण टेबलावर पालथं घातलं आणि उरलेला तास पोरांच्या 'काहून'ला उत्तरं देत काढला. दोन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, तसं सांगितलं. माझ्या मूल्यमापनावर परीक्षकांनी लिहिलं, 'वर्गावर नियंत्रण कमी. वर्ग जागा आहे.' गुण बेताचे पडले, पण पास होण्यापुरते पडले. बाबांनी पेढे आणले आणि गल्ल्यावर माझ्या चुलतभावाला बसवलं.

पाठ झाल्यावर मी मॅडमच्या पाया पडायला गेले तर म्हणाल्या, "चल सरक, दहावीचा तास आहे माहा. अन् खडू काहून एवढा दाबून धरते वं तू?" माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे इंदूरला गेल्या. सणावारी मी फोन करते. त्या गुडघ्यांविषयी बोलतात, तिथल्या पोह्यात साखर असते म्हणून चिडतात, आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवून देतात.

आता मीही इतिहास शिकवते. माझ्या वर्गातही दर वर्षी शेवटच्या बाकावर छात्राध्यापक येऊन बसतात. मी त्यांची टाचणं नीट तपासते, गोड शब्दांत चुका सांगते, कोणाला घरी जाऊन रडायची वेळ आणत नाही. माझ्याबद्दल ते कॉलेजात चांगलं सांगतात असं कानावर येतं. त्यांच्या अंतिम पाठाच्या आदल्या दिवशी मी ठरलेला तास घेते, ठरलेल्या वेळी घरी जाते, आणि डबा, छत्री, चाव्या, काही म्हणजे काही माझ्याकडून विसरलं जात नाही. यंदा एक मुलगी आली आहे, हिंगण्याकडची, बोलताना ओढणीचं टोक चावणारी. हा पाठ गेला तर घरचे पुढे शिकू देणार नाहीत, असं परवा म्हणाली. उद्या तिचा पाठ आहे. आज दिवसभर, आपण काही विसरतोय का म्हणून, मी स्वतःकडे बारीक लक्ष ठेवून होते. मला सगळं आठवत होतं.